तीन राजांचा प्रश्न

संक्रांत आठ दिवसांवर आलेली असते, घरोघरी तीळ निवडण्याची लगबग चाललेली असते, त्याच सुमारास बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई गावचे ख्रिस्ती बांधव तीन राजांचा सण पाळतात. तेथील चर्चच या तीन राजांना वाहिलेले आहे. ही मंडळी परकी नव्हेत. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले हे उत्तर कोकणचेच लोक. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पण घरातील बोली मराठीच राहिली.

या तीन राजांची कथा आमच्या वाचकांस थोडक्यात सांगितली पाहिजे. पूर्वेकडील काही ज्ञानी पुरुषांना आकाशात एक तारा दिसला आणि त्याच्या अनुरोधाने ते यरुशलेमास आले. तेथे त्यांनी जे विचारले, त्यात सारे मर्म आहे. जगाचा तारणहार कोठे आहे, असे त्यांनी विचारले नाही; यहुद्यांचा राजा कोठे जन्मला, असे विचारले. त्या वेळी हेरोद राजाने यहुदी शास्त्र्यांस पाचारण केले. त्यांनी मीखा नामक जुन्या द्रष्ट्याच्या वचनाच्या आधारे बेथलेहेम हे नाव सांगितले. म्हणजे तारा दिसला खरा. परंतु गावाचे नाव यहुद्यांच्या पोथीतून मिळाले. पुढे हेरोदाने ज्या बालकांची हत्या करविली म्हणून ही कथा सांगते, ती बालकेही यहुद्यांचीच होती.

ज्या गावाच्या चर्चला अशा यात्रेकरूंचे नाव आहे, त्या गावच्या ख्रिस्ती माणसाने यहुदी लोकांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? परधर्मीयांच्या घरातील प्रश्नात आम्ही का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु यातील दोन्ही पक्ष मराठी बोलणारे आहेत. शिवाय कोकणच्या बेने इस्रायल यहुद्यांनी १८८० च्या सुमारास आमचे कीर्तन आपलेसे केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने त्यांनी मराठी पद्यात, टाळमृदंगाच्या साथीने लावली. ज्यांनी आमची कला आपल्या देवाच्या सेवेस लावली, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार कीर्तनकारास असावा, असे आम्हांस वाटते.

येशू यहुदी होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो वल्हांडणाचा सण पाळी, शिष्य त्यास ‘रब्बी’ म्हणत. गोराईच्या माउल्या आपल्या प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतात, तो शब्द हिब्रू आहे, ‘हालेलुया’ही हिब्रूच. क्रुसाच्या शिरोभागी जी चार रोमन अक्षरे असतात, त्यांचाही अर्थ नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा, असाच आहे. इतके असूनही शतकानुशतके ख्रिस्ती राष्ट्रांनी यहुद्यांस देवाचे मारेकरी ठरवून छळले. आपल्याकडेही त्याची झळ लागली. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले. गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य, ज्याने आपल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये ग्रंथ छापला आणि ज्याच्याकडे एके काळी मुंबई बेट खंडाने होते, तो यहुदी वंशातील नवख्रिस्ती होता. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीस गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. मेलेल्या वैद्याचे वैर! त्याच काळी उत्तर कोकणातही त्याच राज्यकर्त्यांचा अंमल होता, हे विसरता येत नाही.

युरोपात साठ लाख यहुद्यांचा संहार झाल्यानंतर रोमच्या धर्मपीठाने या गोष्टीचा मुळापासून विचार केला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, आजच्या यहुद्यांवर तर नाहीच. देवाने त्यांना टाकले वा शापिले, असेही शिकवू नये. त्याच घोषणापत्रात हिंदू धर्माविषयीही आदराचे शब्द आहेत. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुद्यांस वडीलबंधू मानले.

तथापि घोषणापत्र निघाले म्हणजे मन पालटले, असे होत नाही. आजचा मोह अधिक सूक्ष्म आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत, पहिल्यात यहुद्यांच्या धर्मग्रंथातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. आम्हां कीर्तनकारांस हे चटकन समजते. पहिला भाग पूर्वरंग, दुसरा उत्तररंग. परंतु येथेच दृष्टांत लंगडा पडतो. उत्तररंग सुरू झाला की पूर्वरंगाचे काम संपते. यहुदी धर्म काही संपलेला नाही. तो आपल्या पायावर उभा राहून अखंड चालला आहे; त्याचे कीर्तन त्याच्यापुरते पूर्ण आहे. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातील कलमाची उपमा अधिक योग्य. जंगली जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर बांधली, तर फांदीने मुळापुढे मिजास करू नये, असा तिचा आशय आहे. हापूसची कलमे बांधणाऱ्या कोकणात हे वेगळे समजावून सांगणे नको!

म्हणून यहुदी माणसास जुन्या काळाचा अवशेष समजणे किंवा धर्मांतराचे गिऱ्हाईक समजणे, दोन्ही त्याज्य होत. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. मिशनऱ्यांच्या या शिकवणीमुळे बेने इस्रायल ख्रिस्ती व्हावेत, असा हेतू होता. प्रत्यक्षात ते आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. यास आम्ही ईश्वरी योजना म्हणू. रोमनेही २०१५ मध्ये स्पष्ट केले की यहुद्यांस बाटविण्यासाठी संघटित मोहीम आपण चालवीत नाही.

इस्रायलच्या राज्यकारभाराचा प्रश्न निराळा. यहुदी धर्माचा मान राखणे म्हणजे त्या सरकारच्या प्रत्येक कृत्यास मान डोलावणे नव्हे. पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती अरबांची दुःखेही गोराईच्या भाविकांस परकी नसावीत.

आम्ही हिंदूंनीही फार पाठ थोपटून घेऊ नये. भारतात हिंदूंनी यहुद्यांचा छळ केला नाही, हे खरे. पण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना ‘शनवार तेली’ म्हणून आपण आपल्या उतरंडीत एका पायरीवर बसविलेच होते.

गोराईच्या ख्रिस्ती मुलांना या सणाच्या निमित्ताने एवढे दाखवावे. गेटवेहून लाँचने मांडव्यास उतरून अलिबाग गाठता येते. तेथे इस्रायल आळी आहे आणि १८४८ साली स्थापन झालेले मागेन अबोथ सिनेगॉग आहे. जवळच नवगावचा किनारा आहे, जेथे गलबत फुटून सात जोडपी वाचली, असे बेने इस्रायल सांगतात. त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. थोडी येथेच राहिली. पोहे, खोबरे, साखर घालून एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचे ताट ती अजूनही मांडतात.