ओसरीवरून : शाईनें लिहावें तें आणि शिसपेन्सिलीनें लिहावें तें

श्रावणांतील गोष्ट. रविवारचीं जेवणें आटोपून आम्ही मंडळी ओसरीवर सुपारी कातरीत बसलों होतों. इतक्यांत माझ्या थोरल्या बंधूंची नात एक मोठा नकाशा घेऊन आली व तो सतरंजीवर पसरून म्हणाली, "अण्णाआजोबा, नोव्हेंबरांत मी आणि माझी मैत्रीण सत्तर दिवस प्रवासाला जायचं म्हणतों. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया. विमान फक्त जातांना आणि येतांना. मधला सगळा प्रवास जमिनीवरून, पाठीवर एकेक सॅक घेऊन."

मुलगी चोवीस वर्षांची, स्थापत्यशास्त्राची पदवीधर. एक नोकरी संपून दुसरी सुरू होण्यास अवकाश, आणि पैसे तिनें स्वतः साठविलेले. तरी तिच्या आजीनें अडकित्ता खालीं ठेवला, आई उठून स्वयंपाकघरांत गेली, आणि वडील, म्हणजे माझा पुतण्या, "पाहूं" एवढेंच बोलला. आमच्या घरांत "पाहूं" या शब्दाचा अर्थ "नाहीं" असा होतो हें पाळण्यांतल्या मुलासही ठाऊक आहे.

येथें एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९७५ सालीं माझे मधले बंधू वीस वर्षांचे होते. एके सकाळीं वडिलांपुढें उभें राहून त्यांनीं काठमांडूस व तेथून जमल्यास पुढें जाण्याची परवानगी मागितली. वडील वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं तें खालीं केलें नाहीं. "हें खूळ या घरांत नको," एवढेंच त्यामागून ऐकूं आलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे बंधूंचें अंथरूण रिकामें होतें. नऊ महिने पत्र नाहीं, पत्ता नाहीं. आई रोज रात्रीं एक पान अधिक मांडी आणि मुकाट्यानें उचली. बंधू परत आले, पुढें त्यांचें सर्व यथास्थित झालें. मात्र त्यानंतर त्यांनीं कोणतीही गोष्ट घरांत विचारून केली नाहीं. नोकरी बदलली तें महिन्यानें कळलें, घर बांधलें तें वास्तुशांतीच्या आमंत्रणावरून कळलें. गणपतीस ते दरवर्षीं येतात, हंसतात, बोलतात आणि जातात. शेवटच्या दुखण्यांत वडील एकदां मजपाशीं म्हणाले होते, "त्या दिवशीं मीं निदान वर्तमानपत्र तरी खालीं ठेवावयाचें होतें."

म्हणून त्या रात्रीं मीं पुतण्यास बाजूस घेऊन सांगितलें, "नाहीं म्हणावयाचें असेल तर अवश्य म्हण, पण बेत सबंध वाचून मग म्हण." दुसऱ्या दिवशीं मुलीस एक कोरी वही दिली, आणि शाईची लेखणी व शिसपेन्सिल अशा दोन वस्तु. जें चुकलें असतां प्रवासच मोडेल तें शाईनें लिहावें. जें बदललें तरी बिघडत नाहीं तें शिसपेन्सिलीनें. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसास याहून मोठी युक्ति कोठून सुचणार? पण हिच्यावर आमच्या चार संध्याकाळी गेल्या, आणि ज्या घरांत उद्यां असाच नकाशा उघडला जाईल त्या घरासाठीं त्यांतलें थोडें येथें देतों.

प्रथम मार्ग. मुलीचा मूळ विचार भारताची सरहद्दही जमिनीवरूनच ओलांडण्याचा होता: मणिपुरांतील मोरे येथून ब्रह्मदेश, तेथून थायलंड. मोरे व तामू यांमधील नाकें ऑगस्ट २०१८ मध्यें प्रवाशांस खुलें झालें होतें खरें. पण २०२० ची साथ आणि फेब्रुवारी २०२१ मधील लष्करी उठाव यांनंतर ब्रह्मदेशांत यादवी माजली आणि तो मार्ग हिशेबांत धरण्याजोगा उरला नाहीं. म्हणून बँकॉकपर्यंत विमान. जमिनीवरचे लांब मार्ग असेच उघडतात आणि मिटतात. १९५७ मध्यें लंडनहून कलकत्त्यास प्रवासी घेऊन बस आली. पुढें वीस वर्षें युरोपांतील तरुण तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येत राहिले. १९७९ मध्यें इराणांत क्रांति झाली, वर्षाअखेर रशियन सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें, आणि एवढी रुळलेली वाट एका वर्षांत मोडली.

दुसरी अडचण बँकॉकच्या पूर्वेस. तेथून थेट अंकोरला जावें असें मुलीनें लिहिलें होतें. वाटेवरील सरहद्दीच्या गांवाचें नांव अरण्यप्रथेत, म्हणजे आपला "अरण्यप्रदेश". नांव वाचून मी खुलून गेलों. पण तेथील नाकें २०२५ मध्यें बंद झालें. त्या वर्षीं जुलैमध्यें आणि पुन्हां डिसेंबरांत थायलंड व कंबोडिया यांचीं सैन्यें सरहद्दीवर लढलीं. या तंट्याच्या मुळाशीं जीं जुनीं देवालयें आहेत त्यांत प्रीआ विहिआर हें प्रमुख. ख्मेर राजांनीं डोंगरमाथ्यावर बांधलेलें हें शिवालय. देवाचें शिलालेखांतील नांव शिखरेश्वर. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९६२ मध्यें तें कंबोडियाचें ठरविलें, तरी भोंवतालच्या भूमीचा वाद मिटला नाहीं. तेव्हां अंकोर शेवटीं ठेवलें, व्हिएतनामच्या बाजूनें. नाकें उघडल्याची वार्ता आली तरी हा क्रम बदलावयाचा नाहीं. ज्या दाराची कडी कोण केव्हां लावील हें ठाऊक नाहीं त्या दारावर आपला मार्ग अवलंबून ठेवूं नये. हें शाईनें.

शेवटीं ठरलें तें असें. बँकॉकजवळचें अयुथ्या (अयोध्येवरून नांव घेतलेली ही राजधानी १७६७ मध्यें ब्रह्मी सैन्यानें उद्ध्वस्त केली). रात्रीच्या आगगाडीनें चिआंग माई. मेकोंगवरील पुलानें लाओस. तेथून दोन दिवस नदीतून होडीनें लुआंग प्रबांग. पुढें विएंतिआनपर्यंत आगगाडी. हा लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्यें सुरू झाला. पूर्वीं डोंगरी रस्त्यानें सबंध दिवस जाई, आतां सुमारें दोन तास लागतात. मग दक्षिणेस सवन्नाखेत, लाओ बाओच्या नाक्यानें व्हिएतनाम, ह्वे, होई आन, सायगांव; मोक बायच्या नाक्यानें कंबोडिया, नोम पेन आणि अंकोर. हनोई व उत्तरेचे डोंगर यांस आणखी बारा दिवस लागते. मुलीनें पुष्कळ वेळ लेखणी हातांत धरली आणि अखेर तें पान स्वतःच खोडलें.

ऋतूंच्या बाबतींत आपला पावसाळा संपला म्हणजे सगळ्यांचा संपला, असें समजूं नये. थायलंड, लाओस व कंबोडिया येथें पाऊस साधारणतः मे ते ऑक्टोबर. पण व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर तो सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत तेथें पूर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंड व लाओस येथें शेतें व रानें जाळल्याचा धूर दाटतो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारींत व्हिएतनामी नववर्ष. तेव्हां गाड्या भरलेल्या आणि दुकानें बंद. म्हणून प्रस्थान नोव्हेंबरच्या मध्यास, ह्वे येथें डिसेंबर संपतां संपतां, आणि व्हिएतनामांतून जानेवारीच्या मध्यास बाहेर.

कागदपत्रें तर सर्व शाईचीं. पारपत्राची मुदत परतीच्या पुढें सहा महिने हवी, कोरीं पानें हवींत. व्हिएतनाम ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांस ९० दिवसांपर्यंतचा संगणकी व्हिसा देतो. पण अर्जांत जें नाकें लिहिलें असेल तेथूनच प्रवेश घ्यावा लागतो. लाओसचा तसला व्हिसा ठराविक नाक्यांवरच चालतो. हे नियम वरचेवर बदलतात, यास्तव निघण्यापूर्वीं पंधरा दिवस ते त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हां वाचावे, ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

पैशांचा हिशेब पुतण्यानें केला, आणि तेथेंच तो प्रथम बेतांत ओढला गेला. दिवसास अडीच हजार रुपये, सत्तर दिवसांचे पावणेदोन लक्ष. शिवाय साठ हजार रुपये निराळे, ज्यांस हात लावावयाचा नाहीं. कोठूनही तडक घरीं येण्याची ती किंमत. दोन बँकांचीं दोन कार्डें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवलेलीं. लाओसचे किप त्या देशाबाहेर कोणी सहसा घेत नाहीं, म्हणून तेथें खर्चूनच निघावें. कंबोडियांत डॉलर चालतात, पण फाटकी नोट परत करतात. अंकोरचें तिकीट २०१७ पासून एका दिवसास ३७ डॉलर आणि तीन दिवसांस ६२. मुलीनें एक दिवस लिहिला होता; पुतण्यानें तो खोडून तीन केले. "एवढ्या लांब जाऊन एक दिवस?" असें तो म्हणाला, आणि सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतून डोकावून पाहिलें.

ओझ्याची परीक्षा पर्वतीवर घेतली. सॅक भरून मुलगी पायऱ्या चढली. भार अकरा किलो. खालीं येऊन तिनें न बोलतां निम्मे कपडे काढले. दुसऱ्या खेपेस सात किलो झाले. पुस्तक एकच राहिलें, आणि मीं दिलेलें जाडें घोंगडें परत आलें.

भयाच्या गोष्टी घरांत दबक्या आवाजांत बोलण्यापेक्षां वहींत लिहाव्या. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळांत अमेरिकेनें वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतले न फुटलेले अद्याप शेतांत व रानांत पडून आहेत, म्हणून मळलेली वाट सोडावयाची नाहीं. मोटारसायकल भाड्यानें घ्यावयाची नाहीं: आपल्याकडील आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारान्वयें असतो, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो, आणि योग्य परवाना नसतां अपघात झाला तर विमा हात वर करतो. कुत्रें चावलें तर जखम साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लस टोंचून घ्यावयाची. इतर लसींविषयीं वैद्यांस महिनाभर आधीं विचारावयाचें.

"पण खाणार काय?" ही आजीची शंका. ती खोटी नव्हे. त्या देशांत भाजीच्या रश्शांतही माशाचा अर्क घालतात. परंतु थायलंडांत पिवळ्या पाटीवर तांबड्या अक्षरांत "जे" असें लिहिलें असेल तेथें मांस-मासे तर नाहींतच, कांदा-लसूणही नाहीं. व्हिएतनामांत "चाय" म्हणजे शाकाहारी अन्न, आपला चहा नव्हे. आणि तेथील बौद्ध मंडळी चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं तेंच खातात. हें ऐकून आजीनें पंचांग मागविलें आणि व्हिएतनामच्या दिवसांतील अमावास्या-पौर्णिमेवर स्वतः शिसपेन्सिलीनें खुणा केल्या. मेतकुटाची पुडी सात किलोंतच बसवावी असाही निकाल दिला.

आतां माझा स्वतःचा प्रमाद. दक्षिण लाओसांत चंपासकजवळ वट फू नांवाचें प्राचीन शिवक्षेत्र आहे. मागच्या डोंगराचें शिखर लिंगाकृति, म्हणून त्यास पूर्वीं लिंगपर्वत म्हणत. त्या परिसरांत पांचव्या शतकांतला देवानीक राजाचा संस्कृत शिलालेख सांपडला. त्यांत त्यानें तेथें नवें कुरुक्षेत्र तीर्थ स्थापिल्याचें वर्णन आहे. मेकोंगच्या कांठीं कुरुक्षेत्र! जन्मभर संस्कृत शिकविलें, पण हें स्थळ पाहण्याचें माझ्या नशिबीं नाहीं. मीं कोणास न विचारतां वहींत त्यासाठीं चार दिवस घातले, तेही शाईनें, आणि मुलीचे होई आनचे दिवस कापले. संध्याकाळीं तिनें वही पाहिली व हळूच विचारलें, "अण्णाआजोबा, हा बेत तुमचा कीं माझा?" मला उत्तर देतां आलें नाहीं. वडिलांनीं न ऐकतां नाकारलें. मी ऐकतां ऐकतां हिसकावूं लागलों होतों. मीं तें पान फाडून टाकलें. दोन दिवसांनीं पाहतों तों त्या जागीं तिच्या अक्षरांत शिसपेन्सिलीनें एक ओळ: "वट फू, जमल्यास."

सूनबाई चवथ्या संध्याकाळीं येऊन बसल्या. त्यांनीं एकच प्रश्न विचारला: "प्रत्येक गाडी किती वाजतां पोंचते?" असें दिसून आलें कीं तीन ठिकाणीं रात्रीं दहानंतर. तीनही बदललीं. परक्या गांवांत दिवसा उतरावें, आणि सरहद्द ओलांडल्यावर पहिल्या रात्रीची जागा आधीं ठरलेली असावी, हें त्यांनीं स्वतः शाईनें लिहिलें. त्याखालीं दोन्ही पक्षांचा करार: मुलीनें दर रविवारीं व प्रत्येक सरहद्दीनंतर घरीं एक ओळ पाठवावी, घरच्यांनीं रोज रात्रीं फोन करून तिला छळूं नये. ओळ चुकून दोन दिवस गेले तर प्रथम उतरण्याच्या जागीं व मग भारतीय वकिलातींत विचारावें; दोन्ही पत्ते व पारपत्राची प्रत देवघराच्या कपाटांत. पुतण्यानें "जा" असा शब्द अजून उच्चारलेला नाहीं. पण विमानाचीं तिकिटें त्यानेंच काढलीं.

वाचकहो, मुलांच्या बेतांत धोका नसतो असें माझें म्हणणें नाहीं. वही शाईनें भरली तरी काळजी उरतेच. सूनबाई आतांपासून पहाटे जाग्या असतात. परंतु विचारावयास आलेलें मूल विचारावयास आलेलें असतें, ही गोष्ट थोडी नव्हे.

गणपतींत मधले बंधू आले. नकाशा भिंतीवर लावलेला होता. "तुला जाऊं देतात?" त्यांनीं मुलीस विचारलें. ती म्हणाली, "आजोबा, मी विचारलं. मग सगळ्यांनीं चार दिवस भांडून ही वही लिहिली." आरती झाली, मंडळी पांगली, तरी बंधू ओसरीवर दिव्याखालीं बसून ती वही चाळीत होते. मग वही न मिटतां त्यांनीं मला जवळ बोलाविलें आणि पन्नास वर्षांनंतर प्रथमच सांगावयास आरंभ केला कीं, काठमांडूस ते पहिल्या रात्रीं कोठें निजले होते.