ह्युएनत्संगाचा महाराष्ट्र आणि उसनी नजर

१/ जिंतूरच्या वर्गात दुसरा पुलकेशी आला की पाठोपाठ ह्युएनत्संग येतोच. इथली माणसे उपकार न विसरणारी, अपमानाचा सूड घेणारी. युद्धापूर्वी हत्तींना मद्य पाजले जाई, हे वर्णन त्याचेच. मूळ ग्रंथ इ.स. ६४६ चा, चिनी. विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा सॅम्युअल बील यांच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतरावरून.

२/ पेशवे दप्तर वाचायचे तर मोडी शिकावी लागते, हे कोणी नाकारत नाही. चिनीचे नाव काढताच मात्र प्रयोजन एकच सांगितले जाते: व्यापार आणि दुभाष्याची नोकरी. विद्यापीठाने तेवढ्यावरच थांबावे, हा आग्रह कोता आहे.

३/ पुण्याने याहून मोठे काम पाहिले आहे. फर्ग्युसनमधील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला. पहिला ग्रंथ अभ्यासकांना संपूर्ण मिळाला तो चिनी भाषांतरातूनच. चिनी येत नसती तर ती तुलना झालीच नसती. बापटांचे पुस्तक १९३७ साली पुण्यात निघाले. (तेही इंग्रजीत!)

४/ सीमेवर तणाव असताना चिनी कशाला, हा आक्षेप तर उलटाच. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे दिल्लीच्या जेएनयूत चीनविषयक अध्यापन करीत. त्यांना नाटक आणि चीन यांत विरोध दिसला नाही.

५/ मराठवाड्यातील विद्यापीठांत इतिहासाच्या एम.ए.ला अभिजात चिनी हा ऐच्छिक विषय हवा. पहिल्या वर्गात दोनच विद्यार्थी आले तरी चालतील.