अभिषिक्तांचा हिशेब

उपासना आटोपली, चहाचे कागदी कप फिरू लागले, तेव्हा मी एवढंच विचारलं की दशमांशाचा हिशेब वर्षातून एकदा वाचून दाखवता येईल का? पाळकसाहेब पुढे टर्किश टॉवेल टाकलेल्या उंच खुर्चीत बसले होते. ते काही बोलले नाहीत. उत्तर दिलं माझ्या शेजारच्या पेन्शनर काकांनी, तेही कुजबुजत. "ब्रदर, अभिषिक्ताला हात लावू नका."

हे वाक्य हल्ली ढालीसारखं वापरलं जातं. त्याचं मूळ स्तोत्र 105 मध्ये आहे. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब: मूठभर, परमुलखात भटकणारे, ना जमीन ना फौज. त्यांना त्रास देऊ नका, अशी ताकीद देव राजांना देतो. म्हणजे दुबळ्यांना गादीपासून वाचवणारं वचन आम्ही गादीला दुबळ्यांपासून वाचवायला लावलं. दाविदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, हे खरंच. पण गुहेतून बाहेर येऊन त्याने सैन्यादेखत शौलाला मोठ्याने जाब विचारलाच. हात न लावणं वेगळं आणि तोंड न उघडणं वेगळं.

"आम्ही हिशेब देवाला देऊ," असंही म्हणतात. इब्री पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार देतात: पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, कारण त्यांना हिशेब द्यायचा आहे. कबूल. पण पौलाचं वागणं पाहा. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो एकटा निघत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि कारणही लिहितो की आपला व्यवहार प्रभूपुढेच नव्हे, माणसांपुढेही चोख दिसायला हवा (2 करिंथ 8). प्रेषिताला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आमच्या पाळकांना का वाटावं?

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. पाळकच नको, सगळे भाऊ सारखे! हा प्रयोग एकोणिसाव्या शतकात ब्रदरेन मंडळ्यांनी मनापासून केला. भाकर मोडायला पाळकाची गरज नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण त्यांचे एक पुढारी जॉन नेल्सन डार्बी म्हणत की प्रेषितांनंतर मंडळीचे वडील नेमण्याचा अधिकार कुणालाच उरला नाही. पद गेलं, वजन मात्र राहिलं. 1848 मध्ये ब्रिस्टलच्या बेथेस्डा मंडळीशी डार्बींचं बिनसलं आणि त्यांनी अख्ख्या मंडळीशीच संगत तोडली. पद नसलेल्या माणसाला पदावरून काढणार तरी कसं? गंमत म्हणजे त्याच बेथेस्डात जॉर्ज म्युलर होते. ते कुणापुढे हात पसरत नसत, पण आपल्या अनाथाश्रमांचा जमाखर्च दरवर्षी छापत.

नव्या करारात वडील आहेतच, पण ते बहुतेक अनेकवचनी. पौल मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो आणि त्याच माणसांना अध्यक्ष म्हणतो, कळप पाळायला सांगतो (प्रे. कृ. 20). वडील, अध्यक्ष आणि पाळक अशा तीन पायऱ्या तिथे दिसत नाहीत. एकाच गावची, एकमेकांना ओळखणारी ती काही माणसं आहेत. त्यांनाच तो बजावतो की तुमच्यातूनच माणसं उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढतील. शेवटी स्वतःचे हात दाखवतो: मी कुणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, या हातांनी कमावून खाल्लं. बिशप असावा की नसावा, या वादात मी पडत नाही. हात दाखवणारा असावा, एवढंच.

आणि खरी मंडळी कोणती? "दोघे-तिघे जमले की झाली मंडळी," असं सगळेच म्हणतात. पण मत्तय 18 मध्ये ते वचन भाऊ चुकला तर काय करावं, या प्रकरणात येतं. आधी एकांतात सांगा, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीला सांगा. दोघे-तिघे जमतात ते नुसतं गाण्यासाठी नाही. जमलेली प्रत्येक गर्दी मंडळी नसतेच. इफिसच्या नाट्यगृहात दंगल झाली, त्या जमावालाही लूकने मूळ ग्रीकमध्ये मंडळीचाच शब्द, एक्लेसिया, वापरला आहे आणि वर शेरा मारला आहे की आपण कशासाठी जमलोय हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लूक आमच्या काही कन्व्हेन्शनना येऊन गेला असावा!

वडिलांवर उठसूट चिखलफेक होऊ नये, याचीही सोय आहे. दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलाविरुद्ध आरोप घेऊ नको, असं पौल तीमथ्याला लिहितो. पण पाप करत राहिला तर सर्वांसमोर कानउघाडणी कर, हेही लगेच पुढे आहे. म्हणजे त्या दिवशी मी एकटा होतो, हे माझंही उणंच.

हे सगळं मी पेन्शनर काकांनाही सांगितलं. पुढच्या रविवारी ते माझ्या शेजारी येऊन बसले. चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, "ते साक्षीदारांचं कुठंय म्हणालात? तीमथ्याला पहिलं की दुसरं?"