अंतर्वस्त्र आणि सुई

एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, त्यांची नात सुटीच्या दिवशीं शिवणयंत्रावर बसून जुन्या विलायती धर्तीचीं, म्हणजे 1940 च्या सुमाराचीं, अंतर्वस्त्रें शिवते. घरांत वडील मंडळी वावरत असतां हा उद्योग शोभतो काय? प्रश्न सरळ आहे, तेव्हां उत्तरहि सरळ देतों. शोभतो. अमरसिंहासारख्या कोशकारास अधोवस्त्रासाठीं अंतरीय, उपसंव्यान, परिधान व अधोंशुक असे चार शब्द देतांना, किंवा चोल आणि कूर्पासक यांची नोंद करतांना, संकोच वाटला नाहीं. आणि तो कोश आपण पिढ्यान् पिढ्या लहान मुलांकडून घोकून घेतला. मग तेंच वस्त्र शिवण्यांत लाज ती कसली? लाज असलीच तर ती वर रेशमी पातळ आणि आंत विटकें, काचणारें, बेमापाचें कापड असण्याची. ही स्थिति चांगल्या चांगल्या घरांत आढळते. दुकानांत माप सांगण्याचा संकोच, आणि घरांत गोष्ट काढण्याचा त्याहून अधिक! उन्हाळ्यांत काखेंत शिवण काचून कातडी सोलवटली तरी सून कोणाजवळ बोलत नाहीं.

नातीनें मात्र ह्या धर्तीचें मूळ जाणून घ्यावें. त्या वेळच्या साध्या, लेसविरहित वस्त्रांतली जी सुबकता आज डोळ्यांत भरते, ती बरीचशी टंचाईनें घडविली आहे. ब्रिटनमध्यें 1 जून 1941 रोजीं कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें, तें 1949 च्या मार्चपर्यंत चाललें. पहिल्या वर्षीं माणशीं 66 कुपनें मिळालीं. त्यांतलीं 11 एका लोकरी झग्यालाच जात. पुढें कुपनें आणखी घटलीं. 1942 मध्यें तर विक्रीच्या अंतर्वस्त्रांवर भरतकाम आणि लेस लावण्यासहि मनाई झाली. त्याच वर्षीं मलाया जपानच्या हातीं गेल्यामुळें रबर दुर्मिळ झालें, इलॅस्टिक मिळेनासें झालें, आणि चड्डीला बाजूस चीर ठेवून गुंड्या लावण्याची जुनी रीत पुन्हां कामास आली. 1943 सालीं तेथील बोर्ड ऑफ ट्रेडनें ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून जुन्याचें नवें कसें करावें तें गृहिणींना शिकविलें. हिंदुस्थानांतहि त्याच वर्षीं कापडावर सरकारी नियंत्रण आलें होतें, हें येथें आठवावें.

रेशीम पॅराशूटसाठीं राखून ठेवलेलें. युद्ध संपल्यावर शिल्लक पॅराशूटांचें कापड, कांहीं रेशमी, कांहीं नायलॉनचें, लोकांच्या हातीं आलें, आणि बायकांनीं त्याच्या दुहेरी शिवणी चिकाटीनें उसवून, निमुळते तुकडे जुळवून आंतले झगे शिवले. आणखी एक नमुना लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहांत आहे. शत्रूच्या मुलखांत सांपडलेल्या वैमानिकाला निसटतां यावें म्हणून रेशमावर नकाशे छापीत. ते घडी घालतांना वाजत नसत आणि भिजले तरी फाटत नसत. अशाच एका नकाशाचीं अंतर्वस्त्रें लॉर्ड माउंटबॅटन यांची थोरली कन्या पॅट्रिशिया हिच्यासाठीं झालीं. ज्यांचा बाप पुढें आपला व्हाइसरॉय झाला, त्यांच्या घरींहि रेशमाचा तुकडा वायां जात नव्हता. 2015 सालीं तीं वस्त्रें लंडनच्या प्रदर्शनांत हजारोंनीं पाहिलीं. तेथें कोणी मान खालीं घातल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां प्रत्यक्ष शिवण्याविषयीं. या धर्तीच्या झग्याचें मर्म तिरप्या कापांत आहे. पॅरिसच्या मादलेन व्हियोने ह्या बाईंनीं 1920 नंतर तो नांवारूपास आणला. मुलींना समजवावयाचें तर चौकोनी हातरुमाल द्यावा. कडेला समांतर ओढला तर तो फारसा हलत नाहीं, कारण ओढ थेट धाग्यावर येते. कर्णरेषेवर ओढला कीं लांबतो आणि सोडतांच बहुतेक पूर्ववत् होतो. भूमितीच्या तासाला हा रुमाल आम्हीं कधीं काढला असता तर वर्ग जागा राहिला असता! झगा असा कर्णावर कापला म्हणजे इलॅस्टिक नसतांहि तो अंगाबरोबर वळतो. कापड मात्र अधिक लागतें, आणि दुहेरी घडीवर कापूं नये; खालचा पदर सरकतो.

आपल्या हवेस मलमल किंवा वायल उत्तम. कापण्यापूर्वीं तें एकदां धुवून घ्यावें, नाहींतर पहिल्याच धुण्यांत मापाचें नुकसान होतें. सुई बारीक, 9 किंवा 11 नंबरची. शिवण दुहेरी, जिला फ्रेंच म्हणतात ती: प्रथम कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींस लावून पाव इंचावर टीप, मग कड अर्धी छाटणें, नंतर उलटवून सुलट बाजू समोरासमोर आणून पुन्हां पाव इंचावर टीप. धागे सुटत नाहींत, कातडीला कांहीं टोंचत नाहीं, आणि आंत-बाहेर दोन्हीकडून शिवण सारखीच नेटकी दिसते. ह्यासाठीं कापतांना अर्ध्या इंचाची सोय ठेवावी. टीप मारतांना तिरपें कापड ओढूं नये, नाहींतर शिवण लाटांसारखी होते.

तळ लगेच दुमडण्याची घाई नको. झगा खांद्यांवर टांगून एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. तिरपें कापड आपल्याच भारानें कमीअधिक उतरतें. मग नातीला तो घालून उभें करावें, आजीनें जमिनीपासून पट्टीनें माप घेत खडूच्या खुणा कराव्या, वाढलेलें छाटावें, आणि कड दोन बोटांत गुंडाळून हातानेंच बारीक टांके घालावे.