हिऱ्याची डागडुजी : आधी निदान, मग चकती

सोन्याचा दागिना तुटला तर डाख देऊन तो सांधता येतो, परंतु हिऱ्याचा उडालेला टवका पुन्हा जोडण्याची कोणतीही रीत नाही. त्याची खूण घालवायची तर तिच्या खोलीइतका भोवतालचा निकोप भागही घासून काढावा लागतो आणि दुरुस्त हिरा पूर्वीपेक्षा लहानच होतो. जुना हिरा निस्तेज दिसताच तो पैलू पाडणाऱ्याकडे धाडण्याची घाई म्हणूनच घातक असते, कारण निस्तेजपणाची कारणे अनेक असून त्यांतील काहींना चकतीची, म्हणजे हिऱ्याची भुकटी व तेल लावलेल्या फिरत्या तबकडीची, गरजच नसते.

सर्वांत साधे कारण म्हणजे स्निग्ध मळ. हिऱ्याच्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही, पण तेल आणि चरबी चटकन चिकटते. किंबर्लीच्या खाणींत दगडमातीतून हिरे वेचण्यासाठी चरबी माखलेली मेजे वापरली गेली, ती याच गुणामुळे. अंगठीच्या कोंदणामागे साचलेला असा थर खालच्या पैलूंवरून परतणारा प्रकाश गळू देतो, आणि कोमट साबणपाणी व मऊ ब्रश एवढ्यावर पुष्कळदा काम भागते.

मळ गेल्यावरही रंगाविषयी शंका उरली, तर लेपाचा विचार करावा लागतो. कुंदनकामात रत्नामागे चकचकीत पत्रा, म्हणजे डांक, बसवतात, पण ती कारागिरी जाणकार ग्राहकाला ठाऊक असते. लेप मात्र बहुधा लपवण्यासाठीच असतो. पिवळसर झाक असलेल्या हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे वरचे व खालचे पैलू जिथे मिळतात त्या कडेवर, निळ्या शाईचा बारीकसा ठिपका दिला तरी दोन रंग एकमेकांना मारतात आणि हिरा अधिक पांढरा भासतो. १९८३ साली न्यूयॉर्कमधील एका नामवंत लिलावगृहात गुलाबी म्हणून मांडलेल्या हिऱ्यावर नखांना लावायचे गुलाबी पॉलिश निघाले होते. आताचे लेप कॅमेऱ्याच्या भिंगावर चढवतात तसे अतिशय पातळ आणि बरेच टिकाऊ असतात. बाजारात सर्रास वापरले जाणारे उष्णतावहन यंत्र खडा हिऱ्याप्रमाणे उष्णता वाहतो एवढेच सांगते, त्यावर लेप आहे की नाही हे सांगत नाही, आणि यंत्राच्या होकारावर विसंबणारा ग्राहक नेमका येथेच फसतो.

लेप ओळखण्यासाठी दहापट भिंग आणि संयम लागतो. हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून मंद, पसरलेल्या उजेडात पाहिला असता रंग ठिकठिकाणी डागांसारखा दिसू शकतो. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश डोळ्यात येईल असा तो फिरवला, तर पाण्यावरच्या तेलासारखी इंद्रधनुषी झाक उमटते. आणि पैलूंच्या धारांवर लेप झिजून फिकट रेघा पडलेल्या आढळतात. हिऱ्यावर सहसा दुसरा हिराच ओरखडा काढू शकतो, त्यामुळे पैलूवर दिसणारे बारीक चरे हेही संशयाचे सबळ कारण होय. नखांच्या पॉलिशसारखा लेप ॲसिटोनने निघतो, टिकाऊ लेपासाठी प्रयोगशाळेत तीव्र आम्ल वापरावे लागते. लेप उतरताच हिरा पिवळा दिसू लागला, तर मालकाला तो बिघडला असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तोच त्याचा खरा रंग असतो.

आम्लापूर्वी मात्र आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. १९८०च्या दशकात इस्रायलमध्ये झ्वी येहुदा यांनी हिऱ्यातील तड्यांत काचेसारखा पदार्थ भरून ते अदृश्य करण्याची पद्धत रूढ केली. असा हिरा हलवताना तड्यात नारिंगी-जांभळ्या व निळ्या-हिरव्या रंगांची चमक दिसते. ही भर आम्लाने किंवा सोनाराच्या ज्योतीने खराब होते, म्हणून ती न ओळखता केलेली सफाई लपलेला तडा उघडा करते. उलट, ज्योतीत भाजून दुधाळ झालेल्या हिऱ्याचे नुकसान पृष्ठभागापुरते असते. तेथे हलके पॉलिश न्याय्यच ठरते.

खरा प्रश्न उभा राहतो तो टवका उडालेल्या ऐतिहासिक हिऱ्यापुढे. १७२२ साली बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्यात आलेला निळा हिरा ३५.५६ कॅरेटचा होता. २००८ साली लंडनच्या लिलावात तो विकत घेणारे जव्हेरी लॉरेन्स ग्राफ यांनी कडेचे टवके घालवण्यासाठी तो घासून ३१.०६ कॅरेटवर आणला. त्याचा रंग आणि निर्मळता यांची प्रतवारी त्यामुळे वाढली, परंतु सतराव्या शतकातील पैलूंच्या मूळ खुणा गेल्या आणि संग्रहालयांतील अभ्यासकांनी त्यावर कठोर टीका केली. ती टीका रास्त होती, कारण तो हिरा जगात एकच होता. १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडलेल्या, त्र्यंबकेश्वराशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या नाशिकच्या हिऱ्याची गत तर याहून वाईट झाली : सुमारे ९० कॅरेटचा तो हिरा आधी लंडनमध्ये घासला गेला, आणि १९४० साली न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, तेव्हा ४३.३८ कॅरेट उरले. मूळ भारतीय कारागिरांनी वजन राखण्यासाठी ठेवलेला घाट आता कोणालाही त्या रत्नात पाहता येत नाही.