बाकाची पैसेवारी

सप्टेंबर संपत आला की आपल्याकडे महसूल खाते खरिपाची नजरअंदाज पैसेवारी जाहीर करते. पीक शेतात उभे, परतीचा पाऊस अजून बाकी, आणि गावाच्या नावापुढे पैशांचा आकडा लागलेला. पुढे सुधारित पैसेवारी येते, वर्ष संपता संपता अंतिम येते. तिन्ही आकडे एकमेकांना ओळख दाखवतीलच असे नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची नजरअंदाज पैसेवारी ऑक्टोबरात लागते. तिथला हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडतो. त्याआधी प्रत्येक कॉन्फरन्सचे प्रशिक्षक आणि पत्रकार गटात कोण कितवा येईल यावर मते देतात आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशातल्या पहिल्या पंचवीस संघांची यादी काढते. चेंडू अजून एकदाही हवेत उडालेला नसतो.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत बांधलेला गट. हिवाळाभर हे संघ एकमेकांशी खेळतात, जुनी वैरे याच गटांत मुरतात, आणि मार्चमध्ये गटाची स्पर्धा जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. तिथे एकूण ६८ संघ. उरलेल्या जागा निवड समिती भरते. म्हणून गटातल्या पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या अंदाजावरूनही तिकडे कडाक्याचे वाद होतात.

अंदाजाचा मुख्य विषय मात्र खेळ नसून गळती असते. कोण गेले, कोण उरले, कोण आले. सचिन तेंडुलकर चोवीस वर्षे भारताकडून खेळू शकला. कॉलेजच्या खेळाडूला चार हंगाम मिळतात. खेळ अंगात मुरू लागतो न लागतो तोच निरोपाचा दिवस येतो. घरच्या कोर्टवरच्या शेवटच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुले-मुली आई-वडिलांचा हात धरून मधोमध येऊन उभी राहतात. फुले मिळतात, चौकटीत बसवलेली जर्सी मिळते, प्रशिक्षकाची मिठी मिळते. पाच-दहा मिनिटांत सामना सुरू होतो आणि तोच प्रशिक्षक त्याच मुलीवर बचावातल्या चुकीसाठी खेकसत असतो. आम्हाला या समारंभातला हा भाग सगळ्यात आवडतो.

गेलेल्याची जागा कशी भरायची, यावर दोन संघांच्या कहाण्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली लवकर सांगून होते. नॉर्थ कॅरोलायनाचा पुरुष संघ २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला पंधरा गुणांनी पुढे होता आणि कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला. पुढच्या हंगामासाठी पाचपैकी चार जण परतले. गेला एकटा ब्रेडी मॅनेक, तोही ओक्लाहोमातून शेवटच्या एका वर्षापुरता आलेला. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्नमधून तशाच उंचीचा पीट नॅन्स आणला. हिशेब चोख होता, यादीत पहिला क्रमांक मिळाला. मार्चमध्ये या संघाला राष्ट्रीय स्पर्धेतच जागा मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामपूर्व पहिल्या क्रमांकावर ही पाळी कधी आली नव्हती. मॅनेक लांबून तीन गुणांची बास्केट मारणारा होता. त्याच्या भीतीने एक बचावपटू बाहेर खेचला जाई आणि आत बाकीच्यांना वाट मिळे. ही वाट कोणाच्याच नावावर मांडलेली नव्हती, त्यामुळे ती गेल्याचेही कोणाच्या वहीत आले नाही.

दुसरी कहाणी शेजारच्या राज्यातली आणि मुलींची. साउथ कॅरोलायना विद्यापीठ, गाव कोलंबिया. प्रशिक्षक डॉन स्टेली, खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या, २००८ पासून इथे. त्यांच्याकडे २०१९ मध्ये मुलींची एक तुकडी आली: अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील, लेटिशिया अमिहेअर. चार वर्षांत या तुकडीने १२९ सामने जिंकले, ९ हरले, २०२२ चे विजेतेपद घेतले. शेवटच्या वर्षी सलग ४२ विजयांची माळ गळ्यात घालून त्या डॅलसला उपांत्य सामन्यात उतरल्या आणि आयोवाकडून ७७-७३ अशा हरल्या. आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकटीने ४१ गुण केले.

त्या सामन्यातला एक क्षण निकालापेक्षा जास्त पाहिला गेला. साउथ कॅरोलायनाची रेव्हन जॉन्सन चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळी उभी होती. तिला अडवायचे काम क्लार्ककडे होते. क्लार्क पुढे सरकलीच नाही. तिने नुसता हात झटकला, मार खुशाल, आणि ती आत रिंगजवळच्या गर्दीत राहिली. चाल म्हणून ती बरोबरच होती. पण ती चित्रफीत फोनाफोनांतून फिरली आणि रेव्हनने पुढे सांगितले, की त्या दिवसांत खेळच सोडून द्यावा असे तिच्या मनात आले होते.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी साउथ कॅरोलायनाच्या पाच जणी उचलल्या; बॉस्टनचा नंबर सगळ्यांत पहिला. सुरुवातीला उतरणाऱ्या पाचही जणी गेल्या. ऑक्टोबरात पैसेवारी लागली तेव्हा देशात आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्येही पहिली पसंती होती गतविजेत्या लुइझियाना स्टेटला. त्यांनी नावाजलेल्या दोघी बाहेरून आणल्या होत्या. साउथ कॅरोलायना देशात सहावी. स्टेली आपल्या नव्या संघाला थट्टेने पाळणाघर म्हणत.

या यादीत चूक कोणाची होती असे आम्ही म्हणणार नाही. पाचच्या पाच गेल्यावर सहावा क्रमांक हा खरे तर मोठा मान. पण या पाळणाघरात कामिला कार्डोसो होती. ब्राझीलची, सहा फूट सात इंच उंच. सिरॅक्यूजमधून आली आणि दोन वर्षे बॉस्टनच्या मागे बाकावर बसली. बाकावर बसली म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर टॉवेल आणि पाण्याची बाटली येते. कार्डोसो त्या दोन वर्षांत सरावात बॉस्टनशी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सेंटरशी, धक्के खात झगडत होती. इतका खडतर सामना तिला कॉन्फरन्समधल्या कोणत्याही संघाकडून मिळत नव्हता. ब्री हॉल, सानिया फेगन, अ‍ॅशलिन वॉटकिन्स यांचेही थोड्याफार फरकाने तेच. ऑरेगनमधून टे-हीना पाओपाओ आली, लांबून नेम धरणारी. पहिल्या वर्षाच्या दोघी आल्या, मिलेशिया फुलवायली आणि टेसा जॉन्सन. आणि रेव्हन होतीच, उन्हाळाभर त्याच रेषेबाहेरून चेंडू मारत.

६ नोव्हेंबर २०२३, हंगामाचा पहिला दिवस. पहिल्या क्रमांकाची लुइझियाना स्टेट लास व्हेगासमध्ये कोलोराडोकडून ९२-७८ अशी हरली. त्याच दिवशी साउथ कॅरोलायनाने पॅरिसमध्ये नोत्र दामला १००-७१ असे धुतले, आणि फुलवायलीने चेंडू पाठीमागून फिरवत अख्खे कोर्ट एकटीने पार करून दाखवले. एका दिवसात नजरअंदाजाची सुधारित पैसेवारी झाली.

पुढचे सगळे सामने सांगत बसत नाही, पण मार्चमधला एक सांगायलाच हवा. कॉन्फरन्सचा उपांत्य सामना, समोर टेनेसी, दोन गुणांची पिछाडी, घड्याळात १.१ सेकंद. चेंडू कार्डोसोकडे गेला. तीन गुणांच्या रेषेबाहेरून या सहा फूट सात इंची मुलीने कॉलेजच्या सबंध कारकिर्दीत एकही बास्केट केली नव्हती. तिने फेकला, तो बोर्डावर आपटला आणि आत पडला. ७४-७३. कोणत्या रकान्यात हे मांडणार?

७ एप्रिलला क्लीव्हलंडमध्ये पुन्हा आयोवा, पुन्हा क्लार्क. आयोवाने सुरुवातीलाच दहा गुण करून टाकले, क्लार्कने पहिल्या पाळीतच अठरा. मध्यंतर जवळ आले असताना रेव्हनने मधल्या रेषेपाशी क्लार्कच्या हातातला चेंडू हिसकला आणि एकटीने पळत जाऊन बास्केट केली. शेवटी ८७-७५. संघ ३८ सामने खेळला, ३८ जिंकला. धावफलकावरच्या या आकड्यांहून आम्हाला त्या दिवसाचा वेगळाच आकडा भावला: बाकावरून उठून आलेल्या खेळाडूंचे गुण, साउथ कॅरोलायना ३७, आयोवा शून्य. त्यातले एकोणीस टेसा जॉन्सनचे, पहिल्या वर्षाच्या मुलीचे.

बाकाची पैसेवारी करायची सोय नाही, कारण बाकावर जे पिकते ते कोर्टवर येईपर्यंत दिसत नाही. याचा सगळ्यात मजेदार दाखला साठ वर्षांपूर्वीचा. १९६५ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पॉली पॅव्हेलियन ही नवी इमारत उघडली. सलग दोनदा विजेता, हंगामपूर्व यादीत पहिला असा त्यांचा मुख्य संघ हौसेखातर आपल्याच पहिल्या वर्षाच्या पोरांशी खेळला आणि ७५-६० असा हरला. पोरांत ल्यू अल्सिंडॉर होता, पुढचा करीम अब्दुल-जब्बार. तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला बंदी. म्हणजे देशातला बहुधा सर्वोत्तम संघ त्या वर्षी यादीत नव्हताच, एका वर्गात बसून होता. त्या हंगामात यूसीएलएला विजेतेपद मिळाले नाही. पुढची सातही मिळाली, त्यातली पहिली तीन अल्सिंडॉरच्या काळात.

थांबण्याची ही सक्ती आता कोणावर नाही, आणि कोणी थांबावे अशी फारशी सोयही नाही. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉल खेळाडूला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलायची मोकळीक मिळाली, २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. २०२१ पासूनच खेळाडूंना नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली. ज्या मुलांच्या घामावर टीव्हीचे करार झाले त्यांना त्यातले काही मिळाले याचे दुःख करणारे आम्ही नव्हे. ते फार आधी व्हायला हवे होते. पण वसंतात बाजार उघडतो आणि बाक रिकामे होतात. गेलेल्या चौथ्या वर्षाच्या मुलीच्या जागी तिच्याच शेजारी तीन वर्षे बसलेली मुलगी उभी करण्यापेक्षा दुसरीकडची तयार मुलगी आणणे सोपे झाले आहे. त्यात करोनामुळे २०२०-२१ चे वर्ष कोणाच्याच खात्यात धरले गेले नाही, म्हणून पुढे काही हंगाम पंचविशीकडे झुकलेले खेळाडू अठरा वर्षांच्या पोरांना ढकलत होते. तो पाट आता आटला.

आमच्या कॉलेजातले सिमेंटचे कोर्ट आठवते. एका बाजूच्या रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बास्केट झाली की नाही यावर मारामारी ठरलेली. प्रस्तुत संपादक दोन वर्षे राखीव होता आणि त्याची नेमून दिलेली कामे चेंडूत हवा भरणे व स्कोअरशीट लिहिणे ही होती. तिसऱ्या वर्षाचा कप्तान गेला तेव्हा त्याच्याइतका उंच मुलगा लगेच सापडला. सापडले नाही ते एवढेच, की आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत कोणता पंच कोणत्या पावलावर शिट्टी फुंकतो हे त्या कप्तानाला तोंडपाठ होते. ते त्याने कोणाला सांगितलेच नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत ट्रॅव्हलिंगवर ट्रॅव्हलिंग देत घरी आलो.

साउथ कॅरोलायना २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि कनेटिकटने त्यांचा ८२-५९ असा पार धुव्वा उडवला. पाओपाओ, हॉल, फेगन शिक्षण संपवून गेल्या. त्या पॅरिसवाल्या फुलवायलीने तर थेट लुइझियाना स्टेट गाठले, त्याच कॉन्फरन्समध्ये, त्याच वैऱ्याकडे. आपल्याकडे याला घर फिरले म्हणतात. तिकडे ती आता वसंतातली नित्याची बातमी आहे. तिची जागा भरायला फ्लोरिडा स्टेटमधून टनिया लॅटसन आली. २०२४-२५ च्या हंगामात तिचे सामन्यामागे पंचविसांहून जास्त गुण, देशात सर्वाधिक. २०२५-२६ च्या पैसेवारीत साउथ कॅरोलायनाचे जे काही वजन होते त्यात लॅटसनच्या या पंचविसांचा वाटा मोठा.

रेव्हन जॉन्सन कुठेच गेली नाही. पहिल्या वर्षी गुडघा दुखावून हंगाम वाया गेल्याने तिला पाचवे वर्ष मिळाले, ते २०२५-२६ चे. लॅटसन आणि ती अटलांटातल्या शाळेत एका संघातून खेळलेल्या. त्याआधीच्या हंगामात रेव्हनची सरासरी सामन्यामागे जेमतेम पाच गुणांची. क्लार्कने हात झटकला त्या दिवशी तिच्यासोबत कोर्टवर असलेल्या सगळ्या मोठ्या मुली केव्हाच गेल्या. आता सरावाला नव्या मुली येत तेव्हा कोणी कुठे उभे राहायचे ते तीच हाताने दाखवी. मार्चच्या आसपास तिचीही जर्सी चौकटीत बसायची होती, आई यायची होती, फुले यायची होती. त्याआधी कोणीतरी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीने तिच्या शेजारची खुर्ची पकडली आहे का, तेच टीव्हीवर आम्हाला बघायचे होते.