चिंचेने निघतं ते दह्यानेही निघतं

खोर फक्कानच्या नळाला समुद्राचं खारेपण काढलेलं पाणी येतं आणि देवघरातलं ताम्हण येतं थेट पुण्याच्या तांबट आळीतून. त्या पाण्याने रोजचा अभिषेक तांब्यात खुशाल करा. माझा आक्षेप आहे तो ताम्हणातलं पंचामृत पिण्याला.

चिंचेने घासलं की ताम्हण झळकतं, कारण चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवतं. दह्यातलं लॅक्टिक आम्लही तेच करतं, जरा सावकाश. पंचामृतस्नानानंतर पितळी बाळकृष्ण उजळतो तो यामुळेच! चिंचेचं पाणी आपण मोरीत ओततो, पंचामृत मात्र मुलांच्या तळहातावर देतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फार झालं तर मळमळ, उलट्या होतात. पळीभर तीर्थाने कुणी आजारी पडणार नाही. पण सत्यनारायणाला ते आरतीपर्यंत ताम्हणातच राहतं आणि मुलं दोनदा-तीनदा मागून घेतात.

कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला हा नियम देवघरात का नको? तीर्थापुरतं पंचामृत आधीच चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढून देवापुढे ठेवा. नैवेद्य तोही होतोच.